सजीवांचे वर्ग आणि शाळेतला वर्ग



या व्यासपीठावरून मोठमोठ्या विषयांवर व्याख्याने होतात. आम्ही पडलो शाळामास्तर. आमच्याजवळ फळा आणि खडू यांपलीकडे भांडवल नाही. तेव्हा विषयही वर्गातलाच घेतला आहे. प्राणी व वनस्पती यांचे वर्ग कसे पाडावयाचे, हे मुलांना शिकवावे कसे?

वर्ग पाडणे ही काही परदेशातून आलेली विद्या नव्हे. फडताळात डाळी एकीकडे आणि मसाले दुसरीकडे लावणारी गृहिणी तेच करीत असते. आपल्या पूर्वजांनी जरायुज, अंडज, स्वेदज व उद्भिज्ज असे जीवांचे चार प्रकार केले. जन्म कसा होतो ही कसोटी त्यांनी धरली, आणि ती धरण्यात मोठी नजर होती. त्यांतला स्वेदज मात्र पुढे टिकला नाही. घामातून, कुजकटातून जीव उपजतात ही समजूत युरोपातही होती. १६६८ साली इटलीतल्या रेदीने मांसाच्या बरण्यांवर झिरझिरीत कापड बांधले. माश्यांना आत जाता येईना, तेव्हा मांसात अळ्याही पडेनात. झाले, एक वर्ग गेला!

अर्वाचीन वर्गीकरणाचा जनक लिनियस याने १७३५ साली देवमाशाला माशांत घातले होते. १७५८ च्या आवृत्तीत त्यानेच त्याला तेथून उचलून सस्तन प्राण्यांत बसविले. ही गोष्ट आम्ही वर्गात मुद्दाम सांगतो. एवढ्या मोठ्या माणसाचेही उत्तर चुकले होते आणि त्याने ते स्वतःच दुरुस्त केले, हे ऐकून मागच्या बाकावरच्या मुलांचे चेहरे खुलतात.

पण बहुतेक ठिकाणी शिकविले जाते ते कसे? फळ्यावर तक्ता येतो, मुले तो उतरवून घेतात, घोकतात आणि परीक्षेनंतर विसरतात. आम्हीही पुष्कळ वर्षे हेच केले. हल्ली मात्र तक्त्याच्या आधी ढीग करावयास सांगतो. सध्या आंब्याचे दिवस आहेत. आंबा, काजू आणि बिब्बा टेबलावर ठेवावेत आणि मुलांना जोड्या लावू द्याव्यात. आंबा खाण्याचा, काजू मेव्यातला, बिब्बा आजीच्या बटव्यातला, असे तीन ढीग हमखास होतात. मग विचारावे, आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागला तर काय होते? ओल्या काजूचे टरफल दाताने फोडले तर? बिब्बा उतला तर? एखादा मुलगा हात वर करतो, "गुरुजी, तिन्ही भाजतात!" तिन्ही झाडे एकाच कुळातली, आणि चारोळीचे झाडही त्यांच्याच गोतातले, हे त्यानंतर सांगितले म्हणजे पुन्हा सांगावे लागत नाही.

अळंबीची कथा थोडक्यात सांगतो. आम्ही शिकलो तेव्हा ती वनस्पतींत होती. १९६९ साली व्हिटेकरने कवकांना स्वतंत्र सृष्टी दिली. आता तर रेणूंच्या तपासणीवरून कवके झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची ठरली आहेत. घोकलेला तक्ता अशा वेळी काय कामाचा?

आता आमचीच एक चूक सांगावयाची आहे. आम्ही किनाऱ्यावरच्या एका गावी शिकवीत होतो. परीक्षेत प्रश्न घातला होता : पिल्लांना जन्म देणाऱ्या दोन प्राण्यांची नावे लिहा. एका कोळ्याच्या मुलाने लिहिले, गाय आणि मुशी. मुशी म्हणजे मासा, मासा म्हणजे अंडी, असे आमचे गणित. मुशीवर आम्ही लाल फुली मारली. पेपर वाटले तेव्हा मुलगा भांडला नाही. हळूच म्हणाला, "गुरुजी, आय मुशी कापते तेव्हा आत पिल्लं निघतात. मी बघितलीत."

आम्ही त्याला खाली बसविले. पण मन राहीना. रविवारी बाजारात गेलो. त्याच्या आईने कोयतीवर मुशी चिरली आणि हसून म्हणाली, "बघा गुरुजी." आत बोटाएवढी पिल्ले होती आणि प्रत्येकाला नाळ होती! आमच्या किनाऱ्यावरची ही लहान मुशी पिल्लांना वारेतून पोसते, हे पुस्तकात नंतर सापडले. त्या बाईने पाकट आणि मुशी एका पाटीत वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. का, म्हणून विचारले, तर म्हणाली, यांना काटा नसतो, कुर्ची असते. शास्त्रज्ञही या दोघांना याच खुणेवर हाडांच्या माशांपासून वेगळे काढतात.

तेव्हापासून आमचा वर्ग वर्षातून एकदा मासळीबाजारात भरू लागला. कोळंबी आणि खेकडा यांचे सांध्यांचे पाय पाहून झाले, की असे पाय घरात कोणाचे पाहिले, असे आम्ही विचारीत असू. उत्तर झुरळ असे येई. एका मुलीने त्यानंतर आठवडाभर कोळंबी खाल्ली नाही, अशी तिच्या आईची तक्रार आली.

त्या मुलाच्या पेपरावरची फुली आम्ही सोमवारी सर्वांसमक्ष खोडली. गुण मात्र प्रगतिपुस्तकात आधीच चढले होते, आणि ते बदलून घेण्यास आम्हांला मुख्याध्यापकांकडे तीन खेपा घालाव्या लागल्या. तिसऱ्या खेपेस आम्ही मुशीच बरोबर नेली होती.