घाईचे नव्हे, साधनेचे फळ
(वार्षिक सभेतील प्रशासकीय मनोगत)



दरवर्षी या प्रसंगी जमाखर्चाचा आढावा सादर करणे हे आमचे कर्तव्य. तो अहवालाच्या पुढील पानांत आहेच. आज मात्र आपली अनुमती घेऊन एका जुन्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे आहे. ते द्यायला आम्हांला उशीर झाला.

मार्च २०२१ मध्ये ६० वर्षांवरील नागरिकांसाठी कोरोना प्रतिबंधक लसीकरण सुरू झाले. त्या दिवसांत एक कन्या आमच्या कार्यालयात आली आणि म्हणाली, “साहेब, लशी तयार व्हायला वर्षानुवर्षे लागतात म्हणतात. ही वर्षभरात कशी झाली? इतक्या घाईची लस बाबांना कशी देऊ?” आम्ही उत्तरलो, “शासनाची मान्यता आहे, काळजी नसावी.” तिचे समाधान झाले नाही. एप्रिलअखेर तिचे वडील आपल्याच रुग्णालयात दाखल झाले आणि आपण त्यांना वाचवू शकलो नाही. लस घेतली असती तर ते वाचलेच असते, असे ठामपणे कोणी सांगू शकत नाही. परंतु तिने विचारलेला प्रश्न योग्य होता आणि आमचे उत्तर अपुरे होते, ही खंत मनात राहिली. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. विज्ञान आमचा विषय नव्हे. तरीही त्यानंतर आपल्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

या कथेचा प्रारंभ एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतच होतो. जून अल्मेडा या ग्लासगोच्या एका बसचालकाच्या कन्या. शिक्षणास पैसा नसल्याने १६ व्या वर्षी शाळा सोडून त्या तेथील रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून रुजू झाल्या. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर त्यांनी असे प्रभुत्व मिळविले की, १९६० च्या दशकात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात काम करीत असता, सर्दीच्या रुग्णाकडून आलेल्या नमुन्यात त्यांना भोवती काट्यांचे कडे असलेला विषाणू दिसला. त्यांची अशी छायाचित्रे प्रथम नाकारली गेली. हे फ्लूच्या विषाणूचेच खराब चित्र आहे, असा अभिप्राय मिळाला. पुढे त्या कड्यावरूनच या कुळाला ‘कोरोना’, म्हणजे मुकुट, हे नाव पडले.

साध्या सूक्ष्मदर्शकातून हा विषाणू दिसत नाही, कारण तो प्रकाशाच्या लहरीपेक्षाही लहान असतो. २०२० मध्ये भारतातील पहिल्या रुग्णाच्या घशातील नमुन्यातून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने कोरोना विषाणूचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने छायाचित्र घेतले. तो कण सुमारे ७५ नॅनोमीटरचा होता. एका मिलिमीटरच्या रेघेवर असे १३ हजार कण ओळीने बसतील.

परंतु काटा दिसणे वेगळे आणि त्याची घडण कळणे वेगळे. हा काटा म्हणजे एक प्रथिन. तोच आपल्या पेशीला जाऊन चिकटतो आणि विषाणूला आत शिरण्याची वाट करून देतो. त्याची रचना पाहण्यासाठी प्रथिनाचे द्रावण एका चिमुकल्या जाळीवर पातळ पसरून अतिथंड इथेनमध्ये क्षणार्धात बुडवितात. पाणी इतक्या वेगाने गोठते की, बर्फाचे स्फटिक न होता त्याची जणू काच होते आणि प्रथिन जसेच्या तसे तिच्यात बंदिस्त होते. मग त्यावर इलेक्ट्रॉनांचा मंद झोत सोडतात. झोत तीव्र केला तर प्रथिनच नष्ट होते. त्यामुळे प्रत्येक चित्र अत्यंत पुसट येते. आमच्या भाषेत सांगायचे, तर एकाच रकमेच्या हजारो पुसट पावत्या एकावर एक ठेवाव्यात आणि मधला आकडा हळूहळू स्पष्ट व्हावा, तसे संगणक निरनिराळ्या बाजूंनी टिपलेली असंख्य चित्रे जुळवून त्रिमिती आकृती सिद्ध करतो. या पद्धतीसाठी झाक दुबोशे, योआखिम फ्रँक आणि रिचर्ड हेंडरसन यांना २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे मूळ काम १९७० आणि १९८० च्या दशकांतले आहे.

या चित्रांतून एक महत्त्वाची गोष्ट कळली. पेशीत शिरताना हा काटा आपला आकार पालटतो; वाऱ्याने उलटलेल्या छत्रीसारखा. शरीराला ओळख करून द्यायची ती उलटण्यापूर्वीच्या रूपाची. परंतु ते रूप टिकत नाही. २०१२ मध्ये आढळलेल्या मर्स या आजाराच्या विषाणूवर काम करताना अमेरिकेतील संशोधकांनी, जेसन मॅक्लेलन त्यांपैकी एक, काट्याच्या रचनेत दोन ठिकाणी प्रोलीन हे अमिनो आम्ल बसविले. पाचर मारावी तसा आकार स्थिर झाला. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही.

१० जानेवारी २०२० रोजी नव्या विषाणूचा जनुकीय आराखडा जाहीर झाला आणि १९ फेब्रुवारीस त्याच्या काट्याची रचना जगापुढे आली. चाळीस दिवस! त्या दोन पाचरी फायझर, मॉडर्ना आणि नोव्हाव्हॅक्स यांच्या लशींत वापरल्या गेल्या. नोव्हाव्हॅक्सची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘कोवोव्हॅक्स’ नावाने तयार केली. आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेल्या कोविशील्डमध्ये हा बदल नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र तिचे लक्ष्यही तोच काटा होता. कोव्हॅक्सिनसाठी पुण्याच्याच संस्थेत वेगळा केलेला संपूर्ण विषाणू निष्क्रिय करून वापरला गेला.

तेव्हा, त्या कन्येला द्यावयाचे उत्तर हे, की लस वर्षभरात आली, पण तिच्यामागची साधना अर्धशतकाची होती. माणसांवरील चाचण्याही टाळल्या गेल्या नाहीत; एरवी एकामागून एक होणारी कामे तेव्हा बरोबरीने केली गेली. हे चार शब्द आम्ही त्या दिवशी बोलू शकलो असतो.

देणगीदारहो, आपल्या औदार्याने कक्ष उभे राहिले, खाटा आल्या. त्यांवर आपल्या पूर्वजांची नावे कोरली आहेत आणि ती तशीच राहोत. मात्र प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांचे प्रशिक्षण, नमुने राखणारी शीतपेटी, रुग्णाच्या नातेवाइकांना शांतपणे समजावून सांगणारा समुपदेशक, यांवर नामफलक लावता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी निधी मागताना आम्हांला संकोच वाटत असे. यंदा तो संकोच बाजूला ठेवून आम्ही मागत आहोत. शाळा सोडून आलेल्या एका तंत्रज्ञ मुलीच्या हाती कोणीतरी सूक्ष्मदर्शक सोपविला होता, एवढे आपण ध्यानी ठेवावे.

आणि आप्तेष्टांनो, आपण प्रश्न विचारीत राहावे. उत्तर ठाऊक नसेल तर विचारून सांगू, पण “काळजी नसावी” एवढ्यावर आपली बोळवण करणार नाही, असे आश्वासन देऊन आपली रजा घेतो.