वर्धेच्या दोन्ही तीरांची हवा

चंद्रपूर, घुग्घुस, कोरपना, आदिलाबादहून आलेल्या मित्रांनो,

लोकनायक बापूजी अणे यांच्या या जन्मगावी, रंगनाथस्वामींच्या वणीत, हवेच्या प्रदूषणावरील या परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनापासून स्वागत करतो.

येताना आपल्यापैकी अनेकांची गाडी कोळशाच्या टिप्परमागे अडकली असेल. त्याच रस्त्याच्या कडेला आमची पऱ्हाटी उभी असते. बोंड पांढरेशुभ्र फुटते आणि बघता बघता त्यावर काळी धूळ बसते. वेचणाऱ्या बाईची बोटे काळी होतात, तिच्या कमरेच्या ओटीतला कापूसही काळवंडतो. मग व्यापारी मूठभर कापूस हातात घेतो, चोळून बघतो आणि भाव पाडतो. कोळसा काढणारा वेगळा, नेणारा वेगळा, जाळणारा वेगळा. तोटा मात्र या शेतकऱ्याच्या पट्टीवर लिहिला जातो. मला याची मनापासून चीड येते.

ही सगळी घाण आमच्याच खाणींची आहे, असेही नाही. वर्धा नदी ओलांडली की घुग्घुस लागते, पुढे चंद्रपूर आणि तिथले २९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्व-ईशान्येचा असतो, तेव्हा तिकडचा धूर इकडे येतो. उन्हाळ्यात वारा फिरला की आमच्या उकणी, निलजई, मुंगोली या खाणींची धूळ तिकडे जाते. म्हणून चंद्रपूरकरांना मी तक्रार सांगायला बोलावलेले नाही. देणेकरी आपण दोघेही आहोत.

सरकारी कागदावर मात्र नदीच्या मधोमध रेघ आहे. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात चंद्रपूर शहर आहे, वणी नाही. यादी शहरांची केली, वाऱ्याची वाट कोणी पाहिलीच नाही. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की राज्यच बदलते, तेलंगण लागते. प्रदूषण मंडळ दुसरे, अर्जाची भाषाही दुसरी. आदिलाबादच्या बाजारात मराठी सर्रास चालते, हा भाग निराळा.

जगात हा प्रश्न नवा नाही. कॅनडातल्या ट्रेल गावच्या जस्त-शिशाच्या भट्टीचा धूर कोलंबिया नदीच्या खोऱ्यातून अमेरिकेत उतरे आणि वॉशिंग्टन राज्यातली पिके जाळी. शेतकऱ्यांची ती तक्रार दोन देशांच्या लवादापुढे गेली. आपल्या भूमीतून दुसऱ्याच्या भूमीवर हानिकारक धूर सोडण्याचा हक्क कोणत्याही देशाला नाही, असा निवाडा १९४१ मध्ये झाला. भरपाई आधीच ठरली होती. या वेळी लवादाने वारा आणि हवामान पाहून भट्टी चालवण्याचे नियम घालून दिले, नोंदी ठेवायला लावल्या. मला त्या निवाड्यातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पुढे सीमा ओलांडणाऱ्या अशाच प्रदूषणाबद्दल १९७९ मध्ये युरोपातल्या देशांनी जिनिव्हात करार केला, १९९८ मध्ये भारतासह दक्षिण आशियातल्या देशांनी माले जाहीरनामा स्वीकारला. दिल्ली आणि लाहोर आजही एकाच धुक्यात खोकतात; जाहीरनाम्याला लवादासारखे दात नाहीत.

आपल्यामध्ये तर देशाची सीमाही नाही. आमचा यवतमाळ, चंद्रपूर आणि आदिलाबाद या तीन जिल्ह्यांची हवा एकत्र मोजावी, आकडे रोज मराठी आणि तेलुगूत गावच्या फलकावर लावावेत, वाऱ्याची दिशा पाहून कोळशाची चढ-उतार आणि वाहतूक ठरवावी, झाकल्याशिवाय एकही गाडी सोडू नये आणि काळवंडलेल्या कापसाचा पंचनामा वेचणीच्या हंगामातच व्हावा, एवढे या परिषदेने लेखी मागावे, अशी माझी विनंती आहे. ठरावाखाली तिन्ही जिल्ह्यांच्या लोकांच्या सह्या असाव्यात.

दुपारच्या सत्रात खाणीलगतच्या गावांतले शेतकरी बोलतील. त्यांना वेळेची घंटा वाजवू नये, असे सूत्रसंचालकांना सांगून ठेवले आहे. उद्या सकाळी आपण त्यांच्या शेतात जाणार आहोत. पाहुण्यांनी पांढरा रुमाल सोबत ठेवावा आणि पऱ्हाटीच्या पानावरून एकदा फिरवून बघावा.