गाणं उपजत, आवड शिकलेली



मी मूळचा साताऱ्याचा. गेली 22 वर्षं गुरुग्राममध्ये आहे. कॉल सेंटरमध्ये आवाज रेकॉर्ड करणारी यंत्रणा बसवणं हे माझं काम. या कामात एक गोष्ट सुरुवातीलाच कळते. जुनी टेलिफोन लाइन साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज पोचवते. त्याच्या वर आणि खाली जे असतं, ते ऐकणाऱ्यासाठी नसतंच.

आज मी बोलणार आहे उंदरांबद्दल. हसा, हरकत नाही. आमच्या स्वयंपाकघरात उंदीर झाला तेव्हा मीही पिंजराच आणला होता. मग सवयीने त्यांच्या आवाजाबद्दल वाचायला बसलो आणि अडकलो.

आपल्या कानाची मर्यादा 20,000 हर्ट्झ. माझ्या वयाला त्याहून बरीच खाली. आणि साधा घरातला छोटा उंदीर, मादीचा नुसता वास आला तरी 30,000 ते 1,10,000 हर्ट्झच्या पट्ट्यात आवाज काढतो. 2005 मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात टिमोथी होली आणि झोंगशेंग ग्वो यांनी हे आवाज नीट तपासले. त्यात वेगवेगळे स्वर होते, ते ठरावीक क्रमाने येत होते, तुकडे पुन्हा पुन्हा येत होते. म्हणजे पक्ष्यांच्या बाबतीत आपण ज्याला गाणं म्हणतो, तेच. आवाज निघतो घशातूनच, पण शिट्टीच्या तत्त्वावर.

मादी हे ऐकते का? 2009 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी तिला स्पीकरवरून नराचं गाणं ऐकवलं. ती त्या स्पीकरकडे गेली. पण थोड्याच वेळात तिचा रस संपला. रेकॉर्डवर कोण किती वेळ भाळणार? 2015 मध्ये ड्यूक विद्यापीठात आणखी एक गोष्ट दिसली. मादी समोर नसताना, तिचा फक्त वास असताना, नर अधिक गुंतागुंतीचं गातो. ती समोर आली की गाणं सोपं होतं. आणि ऐकवून पाहिलं, तर माद्यांचा कल गुंतागुंतीच्या गाण्याकडे होता.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. इथून जवळच मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथे झेब्रा फिंच पक्ष्याच्या गाण्यावर काम झालं आहे. फिंचचा नर लहानपणी बापाचं ऐकून गाणं शिकतो. उंदराचं तसं नाही. जन्मतः बहिरा असलेला उंदीरही जवळजवळ तसंच गातो. म्हणजे त्याचं गाणं उपजत आहे.

मग शिकतं कोण? मादी. प्रयोगशाळेत उंदरांचे वेगवेगळे वाण पाळतात आणि प्रत्येक वाणाच्या गाण्याची ढब वेगळी असते. जपानमध्ये 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माद्यांनी स्वतःच्या वाणाचं नव्हे, दुसऱ्या वाणाच्या नराचं गाणं पसंत केलं. पण बापाविना वाढलेल्या माद्यांमध्ये ही आवडनिवड दिसली नाही. घरातला आवाज कानात बसला असेल, तरच वेगळा आवाज ओळखू येतो. जवळच्या नात्यात जोडी जमू नये, यासाठी ही सोय उपयोगी पडत असावी.

आणि एक मोठी चूक. कितीतरी वर्षं असंच धरून चाललं होतं की जोडी जमताना नर गातो आणि मादी गप्प असते. कारण मायक्रोफोन एक, उंदीर दोन. कोणाचा आवाज कोणता, हे कळायला मार्ग नव्हता. मग सगळे आवाज नराच्या खात्यावर. 2015 मध्ये अमेरिकेत अनेक मायक्रोफोन लावून आवाज नेमका कुठून आला ते मोजलं, तेव्हा कळलं की नर पाठलाग करत असताना मादीही बोलत असते. आणि असा आवाज काढताना तिचा वेग कमी होतो. ती आधीही बोलत होतीच. आपली यंत्रणा तिचा आवाज दुसऱ्याच्या नावावर टाकत होती.

हे मी वाचलं, तेव्हा आमच्या घरात दोन महिने अबोला होता. मुलीने मुलगा पसंत केला होता, पानिपतचा. साताऱ्याच्या माणसाला पानिपत हा शब्द कसा लागतो, ते तुम्हाला सांगायला नको. मी म्हणायचो, तिला काय कळतंय, त्या मुलानेच भुलवलं असणार. तिचं बोलणंसुद्धा मी त्याच्याच खात्यावर लिहीत होतो.

उंदरांवरून माणसांचे निष्कर्ष काढू नयेत, हे मला कळतं. मी फक्त त्या रात्री मुलीला म्हटलं, "बस बाळा, सांग, मी मध्ये बोलत नाही." दीड तास ती बोलली. मध्येच म्हणाली, "बाबा, तो तुमच्यासारखा अजिबात नाही." आधी जरा लागलं. मग तो जपानी अभ्यास आठवला आणि बरं वाटलं. वेगळा कोण हे तिला कळतं, म्हणजे बापाचा आवाज कानात नीट बसलाय.

लग्न साताऱ्यालाच आहे. पिंजरा मात्र अजून माळ्यावर पडून आहे, रिकामाच.