भावंडांमधील सिकलसेलचा वारसा



अंजनगाव सुर्जी तालुक्याच्या उत्तरेस मेळघाटचे डोंगर आहेत. सुगीच्या दिवसांत तेथील कोरकू कुटुंबे मजुरीसाठी सपाटीवर उतरतात. सिकलसेल हा रक्ताचा आजार त्या डोंगरांत आढळतो, तसाच तो विदर्भाच्या सपाटीवरील अनेक समाजांतही आढळतो. तो कोणा एका जातीचा नव्हे. नागपूरच्या डॉ. शुक्ल व डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील या रक्तदोषाविषयी १९५८ साली लिहिले. म्हणजे आपल्या भागास तो नवा नाही. नवे आहे ते त्याच्या वारशाचे नीट ज्ञान, आणि ते घरोघरी पोहोचविण्यास शिक्षकाइतका जवळचा माणूस गावात दुसरा नाही.

रक्तातील तांबड्या पेशी एरवी वाटोळ्या व लवचिक असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या व ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर नाश पावतात. त्यामुळे अंगात रक्त कमी पडते, डोळे पिवळसर दिसतात व हाडे-सांधे असह्य दुखतात. हा दोष संसर्गाने लागत नाही. तो जन्मतः येतो. रक्तद्रव्य कसे घडावे हे सांगणारी जनुकांची जोडी प्रत्येकास मिळते: एक जनुक आईचे, एक बापाचे. दोन्ही सदोष असतील तर मूल आजारी होते. एकच सदोष असेल तर ते केवळ वाहक ठरते. वाहक सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो आणि वाहकाचा पुढे रुग्ण होत नाही.

आता एक कुटुंब कल्पावे. आई व बाप दोघेही धडधाकट, परंतु दोघेही वाहक. त्यांच्या मुलांचे काय होईल? हे समजाविण्यास फळ्यापेक्षा चिंचोके बरे. चिंचोका फोडला की त्याची एक बाजू पांढरी व दुसरी काळी असते. मुले त्यांवर दान टाकून खेळतात. एक फाक आईची मानावी, एक बापाची. पांढरी बाजू म्हणजे निर्दोष जनुक, काळी म्हणजे सदोष. दोन्ही फाका एकत्र टाकाव्यात. दोन्ही पांढऱ्या पडल्या तर मूल निर्दोष, एक काळी पडली तर वाहक, दोन्ही काळ्या पडल्या तर आजारी. वर्गाने शंभर दाने टाकून मोजणी करावी. साधारणतः पंचवीस दाने निर्दोष, पन्नास वाहक व पंचवीस आजारी अशी विभागणी दिसू लागेल. अगदी तंतोतंत मात्र येणार नाही, आणि तेही मुलांनी पाहावे.

येथेच खरा धडा आहे. चिंचोक्यांस मागचे दान आठवत नाही. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुखरूप निपजतील, अशी खात्री नाही. आणि पहिली दोन निरोगी निघाली म्हणून दोष घरातून गेला, असेही नाही. दर खेपेस संभव तोच, चारात एक. अशा जोडप्यास तीन मुले झाली, तर तिन्ही आजारापासून मुक्त राहण्याचा संभव ६४ पैकी २७ इतकाच, म्हणजे निम्म्याहूनही कमी असतो. तसेच, आजारी मुलाची जी भावंडे आजारी नाहीत, त्यांच्यात दर तिघांत दोघे वाहक असण्याचा संभव असतो. म्हणून भावाच्या तपासणीचा निकाल बहिणीस लागू पडत नाही. प्रत्येक भावंडाचे रक्त निराळे तपासले पाहिजे.

हे न कळल्याने घराघरांत अन्याय होतो. आजारी लेकरू जन्मले की दोष आईच्या पायगुणावर जातो. वास्तविक आजार होण्यास दोघांचेही जनुक लागते, आणि ते निवडणे कोणाच्याच हाती नसते. मुलगी वाहक ठरली की तिचे लग्न अडते. वस्तुतः ज्याच्या रक्तात असा कोणताच दोष नाही अशा वराशी तिचे लग्न झाले, तर तिच्या मुलांस हा आजार होत नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलास वाहक होण्याचा संभव मात्र निम्मा असतो. उभयता वाहक असतील तर विवाहापूर्वी किंवा गर्भारपणाच्या आरंभीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शिक्षकाने काय करावे? वारंवार दुखण्याने गैरहजर राहणाऱ्या मुलास आळशी म्हणू नये. त्यास वर्गातही पाणी पिऊ द्यावे, लघवीस जाण्याची मोकळीक द्यावी. उन्हात धावावयास लावू नये, थंडीत व पावसात भिजू देऊ नये. ताप आला, धाप लागली किंवा वेदना अनावर झाल्या, तर विलंब न लावता दवाखान्यात पोहोचवावे. कोण रुग्ण व कोण वाहक हे वर्गात वाचून दाखवू नये. ते त्या घराचे गुपित आहे. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हा त्याचा संकल्प आहे. तपासणीचे पथक गावी येईल त्या दिवशी आजारी मुलाबरोबर त्याची सारी भावंडे हजर राहतील, एवढे शिक्षकाने पाहावे.

चिंचोक्याचे दान कोणाच्या हाती नाही. ते पडल्यावर लेकरास दोष न देता सांभाळणे मात्र घराच्या, शाळेच्या आणि गावाच्या हाती आहे.