पाच सेकंदांचा हिशोब : घरचा सर्व्हर नाव शोधायला एवढा वेळ का लावतो?

मी मुक्ताईनगरहून बोलतेय. आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायवर घरचा सर्व्हर चालवणारे बरेच जण आपल्यात आहेत. त्यांना कधी ना कधी हा अनुभव येतो : सर्व्हरवरून एखादी वेबसाइट मागवली की आधी काहीच होत नाही, आणि मग अचानक सगळं झटकन येतं. ही सुरुवातीची जी शांतता आहे ना, तिच्याबद्दल आज बोलायचंय.

आमच्या घरी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून एक सर्व्हर चालतो. त्यावर घरच्या फोटोंचा बॅकअप आहे, स्पर्धा परीक्षांचे जुने पेपर आहेत, आणि रोज पहाटे तो वीस-एक सरकारी वेबसाइटवर जाऊन नव्या जाहिरातींची यादी बनवतो. गल्लीतली सात-आठ पोरं-पोरी सकाळी ती यादी बघतात. मध्यंतरी ही यादी अर्धवट यायला लागली. एका भरतीची शेवटची तारीख दोन दिवसांवर होती आणि ती जाहिरात आमच्या यादीत नव्हतीच. कोणीतरी दुसरीकडे बघितली म्हणून फॉर्म भरला गेला.

लगेच चर्चा सुरू. एक जण म्हणाला, "ताई, आपलं गाव लांब पडतं. इथं नेट असंच चालणार." दुसरा म्हणाला, "काही नाही भो, वर्गणी काढू आणि मोठा प्लॅन घेऊ." आता वर्गणी म्हणजे पोरांच्या खिशातले पैसे. ते खर्च करण्याआधी मोजून बघू म्हटलं.

आधी थोडं मूळ समजून घेऊ. आपण नावं लक्षात ठेवतो, मशीनला आकड्यांतला आयपी पत्ता लागतो. नावावरून पत्ता शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. पूर्वी अमेरिकेत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सगळ्या मशीनची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये ठेवायचे आणि बाकीचे ती फाइल उतरवून घ्यायचे. मशीन वाढल्या, ते झेपेना. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. त्यात कोणा एकाकडे सगळी यादी नसते. सगळ्यात वरचे रूट सर्व्हर सांगतात की डॉट इन कोणाकडे विचारायचं, डॉट इनवाले सांगतात पुढे कोणाकडे जायचं, असं करत करत पत्ता मिळतो. ही सगळी पायपीट आपल्या वतीने एक सर्व्हर करतो. त्याला रिझॉल्व्हर म्हणतात. आपलं मशीन फक्त त्यालाच विचारतं.

म्हणजे "वेबसाइट उघडायला वेळ लागला" यात दोन वेगळी कामं आहेत. पहिलं, नावाचा पत्ता शोधणं. दुसरं, त्या पत्त्यावरून माल आणणं. मोठा प्लॅन घेतला तर दुसरं काम पटपट होईल. पहिल्याला त्याचा जवळपास काहीच उपयोग नाही, कारण डीएनएसचा प्रश्न आणि उत्तर दोन्ही इवलेसे असतात, बहुतेक वेळा काहीशे बाइट.

मग मोजायचं कसं? तीन पायऱ्या.

पहिली पायरी. त्याच वायफायवर फोनवरून तीच वेबसाइट उघडा. आमच्याकडे फोनवर ती लगेच उघडत होती, सर्व्हरवर अडकत होती. लाइन एकच, गाव एकच. म्हणजे दोष लाइनचा नाही. प्लॅनचा विषय इथेच संपला. वर्गणी वाचली!

दुसरी पायरी. सर्व्हरवर कर्ल नावाची कमांड असते. तिला सांगितलं तर ती वेळ फोडून दाखवते : नाव शोधायला किती, जोडणी व्हायला किती, पहिला बाइट यायला किती. फोनवर टर्मक्स असेल तर एसएसएचने सर्व्हरमध्ये शिरून हे सगळं फोनवरूनच करता येतं. आमचा आकडा आला : नाव शोधायला पाच सेकंद आणि वर थोडे मिलीसेकंद. पुढचं सगळं मिळून एक सेकंदसुद्धा नाही. परत केलं, परत पाच. दुसरी वेबसाइट, तरी पाच.

इथे थांबा, कारण हा आकडाच बोलतोय. अंतरामुळे किती उशीर होऊ शकतो ते बघा. फायबरमधून प्रकाश एका मिलीसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. आपल्याकडून मुंबई धरा ५०० किलोमीटर. जाऊन-येऊन १,००० किलोमीटर, म्हणजे पाच मिलीसेकंद. वाटेतली यंत्रं, वाकडी-तिकडी लाइन धरून तीस-चाळीस म्हणा. आणि आपल्याला लागतायत पाच सेकंद, म्हणजे पाच हजार मिलीसेकंद. गाव लांब असल्यामुळे हजारपट फरक पडत नाही. रूट सर्व्हरच्या प्रती तर मुंबईतसुद्धा आहेत, प्रत्येक प्रश्नासाठी अमेरिकेला जावं लागत नाही.

आणि अजून एक. गर्दीमुळे उशीर झाला असता तर आकडा वर-खाली झाला असता. कधी दोन, कधी सात. दरवेळी बरोबर पाच येतायत याचा अर्थ कोणीतरी घड्याळ लावून वाट बघतंय. लिनक्समध्ये नाव शोधणाऱ्या भागाची ठरलेली वाट बघायची मुदत पाच सेकंदच आहे. पहिल्या रिझॉल्व्हरला विचारलं, पाच सेकंद उत्तर आलं नाही, की दुसऱ्याकडे जायचं. उत्तर मिळतं, पण पाच सेकंद वाया जातात. पुढच्या नावाला परत पहिल्यापासून सुरुवात, कारण पहिला मेलाय हे तो लक्षात ठेवत नाही.

तिसरी पायरी, प्रत्येकाला वेगवेगळं विचारणं. सर्व्हरवर ईटीसी फोल्डरमध्ये रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ नावाची फाइल असते. तिच्यात नेमसर्व्हर या शब्दापुढे रिझॉल्व्हरचे पत्ते असतात, जास्तीत जास्त तीन वापरले जातात. आमच्या फाइलमध्ये दोन होते. पहिला, कनेक्शन लावताना कंपनीच्या माणसाने कागदावर लिहून दिलेला. दुसरा, गूगलचा ८.८.८.८. आता डिग नावाची कमांड घ्यायची, ॲट चिन्ह लावून त्या रिझॉल्व्हरचा पत्ता द्यायचा आणि पुढे वेबसाइटचं नाव. दुसऱ्याने तीस मिलीसेकंदांच्या आत उत्तर दिलं. पहिल्याने काहीच नाही. वाट बघून बघून शेवटी डिगने सांगितलं की कोणाशीच संपर्क झाला नाही.

म्हणजे कंपनीने तो जुना रिझॉल्व्हर बंद केला होता आणि कोणाला कळवलं नव्हतं. फोनला काही त्रास का नाही? कारण फोन वायफायला जोडताना राउटरकडून ताजा पत्ता घेतो. सर्व्हरला मात्र कागदावरचा पत्ता कायमचा दिलेला. आता यादीचंही कोडं सुटलं. वीस वेबसाइट, प्रत्येकीला पाच सेकंद, झाले शंभर सेकंद. आमच्या स्क्रिप्टला एका मिनिटाची मर्यादा. साठ सेकंद झाले की ती जमेल तेवढी यादी देऊन बंद. म्हणून यादीतल्या खालच्या जाहिराती गायब!

दुरुस्ती एका ओळीची : मेलेला पत्ता काढला, जिवंत ठेवला. नाव शोधायचा वेळ पाच सेकंदांवरून तीस मिलीसेकंदांवर आला. सोबत ऑप्शन्सच्या ओळीत टाइमआउट एक सेकंद केला, म्हणजे पुढे कधी एखादा रिझॉल्व्हर मेला तरी पाचऐवजी एकच सेकंद जाईल. एक सूचना : आजकाल बऱ्याच लिनक्समध्ये ही फाइल दुसराच प्रोग्रॅम लिहितो. फाइलमध्ये १२७.०.०.५३ असा पत्ता दिसला तर समजा की सिस्टमडी रिझॉल्व्हडी काम बघतोय. तिथे थेट फाइल बदलू नका, रीस्टार्टनंतर बदल पुसला जाईल. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन बदला.

आता तुमच्याकडे दोन्ही रिझॉल्व्हर जिवंत निघाले आणि तरी पाच सेकंद लागले तर? मग दुसरा संशयित बघा. मशीन एकाच वेळी दोन प्रश्न पाठवतं, एक जुन्या आयपीव्ही४ पत्त्यासाठी, एक नव्या आयपीव्ही६ पत्त्यासाठी. काही राउटर हे जोडीने आलेले प्रश्न नीट हाताळत नाहीत आणि एकाचं उत्तर गिळतात. परत तीच पाच सेकंदांची वाट. त्यासाठी त्याच ऑप्शन्सच्या ओळीत सिंगल रिक्वेस्ट हा पर्याय टाकतात, म्हणजे प्रश्न एकामागून एक जातात. पण आधी मोजा, मग टाका. एका वेळी एकच बदल करायचा आणि वहीत लिहायचं : आधी किती, नंतर किती.

वेग अजून हवा असेल तर सर्व्हरवरच डीएनएसमास्क किंवा अनबाउंड बसवता येतं. एकदा शोधलेलं नाव ते लक्षात ठेवतं, दुसऱ्यांदा विचारलं की घरातूनच उत्तर, एखाद्या मिलीसेकंदात. किती वेळ लक्षात ठेवायचं हे त्या नावाचा मालक ठरवतो, त्याला टीटीएल म्हणतात. आपल्या गावाचं जुनं नाव एदलाबाद. नाव बदलून किती वर्षं झाली, तरी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून एदलाबादच येतं ना? त्यांच्या आठवणीला टीटीएल नाही. डीएनएसमध्ये मात्र मुदत संपली की जुनं विसरून परत विचारावंच लागतं, म्हणून वेबसाइटचा पत्ता बदलला तरी थोड्या वेळाने सगळीकडे कळतं.

आणि रिझॉल्व्हर निवडताना एवढं ध्यानात असू द्या : तुम्ही कोणकोणत्या वेबसाइटची नावं विचारता हे सगळं त्याला दिसतं. गूगलचा ८.८.८.८ असो, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ असो की कंपनीचा स्वतःचा, फुकट मिळतो म्हणून डोळे झाकून घेऊ नका.

तर मंडळी, "आपल्याकडे नेट असंच" हे वाक्य पुढच्या वेळी ऐकलं की विचारा, नाव शोधायला किती वेळ गेला आणि माल आणायला किती? आकडा बरोबर पाच सेकंद आला तर गावाला दोष देऊ नका आणि वर्गणीही काढू नका. रिझॉल्व्हर एकेक करून तपासा. आज रात्रीच तुमच्या सर्व्हरवर मोजून बघा आणि आकडे आम्हाला कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. तोपर्यंत, रामराम!