केराची टोपली आणि कायद्याचे पुस्तक



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय शोभते, राजकारण शोभते, नाटक तर शोभतेच. केर हा विषय मात्र घरातल्या बायकांचा आणि नगरपालिकेच्या झाडूवाल्यांचा, अशी आपली जुनी समजूत. तरीही आपण इतके जण आलात, तेव्हा मी सरळ मुद्द्यालाच हात घालतो. केर घरात होतो हे खरे; पण तो किती व्हावा, हे बहुतांशी घराबाहेर ठरते.

आपली आजी काटकसरी होती आणि आपण उधळे झालो, असे नेहमी सांगितले जाते. मला हे पटत नाही. मुंबईच्या आरे दुग्धवसाहतीचे उद्घाटन १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. तिथले दूध काचेच्या बाटलीत येई, तोंडाला पातळ पत्र्याचे टोपण. पहाटे केंद्रावर रांग लावायची, रिकामी बाटली द्यायची, भरलेली घ्यायची. पोराच्या हातून बाटली फुटली की घरभर बोलणी बसत. पुढे बाटली गेली आणि पिशवी आली. घर तेच, गृहिणीही तीच. पण जी बाई बाटली विसळून जपून ठेवी, तीच पिशवी कापून टोपलीत टाकू लागली. तिचा स्वभाव एका रात्रीत बिघडला काय? व्यवस्था बदलली, एवढेच.

आपल्या राज्य सरकारला हे सुचले नाही असे नाही. मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली, तीत दुधाच्या पिशवीमागे किमान ५० पैसे परत देण्याची योजना होती. कागदावर सुरेखच! पण ती आंबूस पिशवी घेणार कोण? दूध टाकणारा पोरगा म्हणणार, माझे काम नव्हे. दुकानदार म्हणणार, ठेवू कुठे? आणि पन्नास पैशांसाठी वाद घालायला आपल्यालाही लाज वाटते.

याच्या उलट निलगिरीचे उदाहरण आहे. सभ्य सभेत दारूच्या बाटलीचा विषय काढतो, क्षमा असावी. त्या डोंगरात रिकाम्या बाटल्या रानात फेकल्या जात आणि त्यांच्या काचा हत्तींच्या पायांत रुतत. मद्रास उच्च न्यायालयाने लक्ष घातले, आणि २०२२ मध्ये तिथल्या सरकारी दुकानांतून बाटलीमागे दहा रुपये जास्त घेऊन बाटली आणली की परत देण्यास सुरुवात झाली. बहुतेक बाटल्या परत येऊ लागल्या. पिणारे काही अचानक निसर्गप्रेमी झाले नव्हते. रक्कम जाणवण्याजोगी होती, आणि ज्या दुकानाने विकली त्यालाच परत घ्यावी लागत होती.

दक्षिण कोरियाने याहून मोठी उडी मारली. १ जानेवारी १९९५ पासून तिथे घरचा केर सरकारमान्य पिशवीतच टाकावा लागतो, आणि ती पिशवी विकत घ्यावी लागते. कागद, काच, डबे वेगळे काढून दिले तर मोफत. केराचे प्रमाण झपाट्याने उतरले. २००५ पासून उष्टे-खरकटे थेट जमिनीत पुरण्यास बंदी आली. आपल्याकडे रोज किलोभर केर टाकणारा आणि दहा किलो टाकणारा यांची पट्टी बहुधा सारखीच असते. म्हणून हा उपाय मोहात पाडतो. तरी मी बिचकतो. पिशवीला पैसे पडतात, पण कोपऱ्यावरचा नाला फुकट असतो. शिवाय एका खोलीत आठ माणसे राहणाऱ्या घराने बंगल्याइतकेच पैसे का मोजावेत?

आता जरा अवघड विषय. पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत १९९३ साली उभी राहिली. तिच्यातूनच निघालेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार केर गोळा करू लागली. या बायकांच्या हाताला रोज वापरलेले सॅनिटरी पॅड लागत. अनेक वर्षे घरोघर विनवून झाले. शेवटी २०१३ मध्ये त्यांनी ते पॅड पोत्यांत भरून चक्क उत्पादकांकडेच परत पाठवले! २०१६ च्या केंद्रीय नियमांत उत्पादकाने पॅडबरोबर गुंडाळण्याचे पाकीट द्यावे, असे कलम आले. विनवण्या घरोघर झाल्या होत्या. पाकीट मात्र कारखान्यातून येणार होते.

म्हणून आपल्या नगरपालिकेकडे आणि सरकारकडे मागायचे ते भित्तिपत्रक नव्हे. माझी मागणी लहान आहे. दुधाची गाडी पहाटे भरून येते आणि रिकामी परत जाते. त्या परतीच्या जागेत धुतलेल्या पिशव्यांचे पोते घेतलेच पाहिजे, वजनावर पैसे दूधसंघाने दिलेच पाहिजेत, आणि त्यातला वाटा पिशव्या आणून देणाऱ्या पोराला आणि केरवाल्या बाईला मिळाला पाहिजे. एका शहरात, एका वर्षासाठी एवढे करून पाहावे. पोती किती भरतात, ते मोजायला मी स्वतः पहाटे उठेन.