पाच ओळींची वही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी मला सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, जपानला राहून आलीस, त्यावर बोल." सॉफ्टवेअरवर बोलले तर पाच मिनिटांत निम्मा हॉल चहाकडे जाईल. म्हणून मी परकी भाषा कशी शिकले, त्याबद्दल बोलणार आहे. आणि सुरुवात जपानपासून नाही, आपल्या आठवीच्या वर्गापासून करणार आहे.

आपल्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. आठवीत बाईंनी आवडत्या सणावर इंग्रजीत निबंध लिहायला सांगितला होता. आम्ही बहुतेकांनी तो गाइडमधून उतरवला. आपल्यातल्या एकाने मात्र तो स्वतः लिहिला. बाईंनी त्याला उभं करून वाचायला लावलं. त्याने वाचलं, 'माय मदर इज मेक करंजी.' वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्याने मी हसले, कारण माझा पहिला नंबर होता आणि आपल्याला इंग्रजी येतं असं मला वाटत होतं. त्यानंतर दहावीपर्यंत त्याने एकही निबंध स्वतःचा लिहिला नाही. गाइड पाठ केलं. मार्कही बरे पडले.

हे मी त्याच्या परवानगीने सांगते आहे. काल फोन केला तेव्हा म्हणाला, "नाव घेऊ नकोस, करंजी मात्र सांग."

आता जपानीकडे येते. 2010 साली पुण्यात आमच्या टीमकडे एका जपानी ग्राहकाचं काम आलं आणि मी संध्याकाळच्या जपानी वर्गात नाव घातलं. ही भाषा आपल्याला एका बाजूने सोपी आणि दुसऱ्या बाजूने फार अवघड. सोपी अशासाठी, की वाक्याची घडण आपल्यासारखी. क्रियापद शेवटी येतं. आपण 'पुण्यात', 'आईला', 'माझं' म्हणताना प्रत्यय मागे लावतो, तसेच तेही शब्दयोगी शब्द मागे लावतात. अवघड आहे ती लिपी. हिरागानाची 46 मूळ अक्षरं, काताकानाची आणखी 46, आणि त्यावर कांजी. तिथल्या सरकारच्या रोजच्या वापराच्या यादीत 2136 कांजी आहेत.

मी अभ्यासू मुलगी. कार्डं केली, पाठ केलं, आणि 2012 मध्ये जेएलपीटीची एन-3 पास झाले. ही जपानीची मोठी परीक्षा. एन-5 ही सगळ्यांत सोपी पातळी, एन-1 सगळ्यांत वरची. ऑफिसात पेढे वाटले. आठवड्याभरात साहेब म्हणाले, "आता आजच्या कामाचा अर्धं पान अहवाल जपानीत लिही." दोन तास बसले. तीन वाक्यं झाली आणि तिन्हींची मला खात्री नव्हती.

कारण साधं होतं. त्या परीक्षेत शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणं तपासतात. सगळे प्रश्न पर्यायांचे. स्वतःचं एक वाक्यही लिहावं लागत नाही आणि बोलावंही लागत नाही. चार पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखणं ही एक गोष्ट आणि कोऱ्या कागदावर स्वतःचं वाक्य उभं करणं ही वेगळी. पुढे मी वाचलं, की मेरिल स्वेन नावाच्या कॅनडातल्या अभ्यासक बाईंनी 1985 मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. तिथली इंग्रजी घरांतली मुलं शाळेत बरेचसे विषय फ्रेंचमधून शिकत. त्यांना फ्रेंच उत्तम समजायचं, पण बोलण्या-लिहिण्यात चुका तशाच राहायच्या. बाईंचं म्हणणं असं, की नुसतं ऐकून-वाचून पुरत नाही. स्वतः भाषा वापरायला लागलं की आपल्याला काय येत नाही ते आपल्यालाच कळतं.

तर आम्ही वर्गातल्या पाच जणांनी एक दोनशेपानी वही घेतली. ज्याच्याकडे वही, त्याने त्या दिवशी घडलेल्या गोष्टींवर पाच ओळी जपानीत लिहायच्या आणि दुसऱ्या दिवशी वही पुढच्याकडे द्यायची. पुढच्याने आधीच्याच्या चुका दाखवायच्या आणि मग स्वतःच्या पाच ओळी लिहायच्या. रविवारी सकाळी सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात भेटायचं. ही बाग जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली आहे, त्यामुळे जपानला जाऊन आल्यासारखं वाटायचं. न सुटलेल्या शंका सोमवारी आमच्या सेन्सेईंकडे, म्हणजे शिक्षिकेकडे न्यायच्या.

माझ्या पहिल्याच पानावर मी लिहिलं, 'हाहा वा उची नि आरिमासु.' म्हणजे 'आई घरी आहे.' पण जपानीत निर्जीव वस्तू असेल तर 'आरिमासु' आणि माणूस किंवा प्राणी असेल तर 'इमासु'. हा नियम मी परीक्षेत दहा वेळा बरोबर सोडवला होता. वही परत आली तेव्हा समासात लिहिलेलं होतं, 'आई कपाटाशेजारी ठेवली आहे का?' त्यानंतर आजतागायत ती चूक माझ्याकडून झालेली नाही.

दुसरी गंमत 'देणं' या क्रियापदाची. मराठीत मी तुला दिलं काय आणि तू मला दिलंस काय, क्रियापद एकच. जपानीत मी दुसऱ्याला दिलं तर 'आगेरु', दुसऱ्याने मला दिलं तर 'कुरेरु'. पुस्तकातल्या तानाका-सानने यामादा-सानला काय दिलं हे माझ्या कधी लक्षात राहिलं नाही. पण आईने मला लाडवांचा डबा दिला, हे वाक्य मी चुकवलं आणि मैत्रिणीने त्याखाली रेघ मारली. ते मात्र पक्कं बसलं, कारण डबा माझा होता.

सोबत्यांनी तपासण्यात धोकाही असतो, तो सांगायला हवा. 'मी पुण्यात राहते' या वाक्यात मी 'पुणे नि' असं लिहिलं होतं. एकाने ते खोडून 'पुणे दे' केलं, कारण क्रिया जिथे घडते तिथे 'दे' लावायचा असं तो शिकला होता. मी मान्य केलं. सेन्सेई म्हणाल्या, पहिलंच बरोबर होतं, 'राहणं' या क्रियापदाला 'नि' लागतो. तेव्हापासून नियम केला, की चूक दाखवणाऱ्याने कारणही लिहायचं. कारण सुचत नसेल तर फक्त प्रश्नचिन्ह करायचं. आमच्या धंद्यात एकाने लिहिलेला कोड दुसरा वाचून त्यावर शेरे देतो, त्याला कोड रिव्ह्यू म्हणतात. तिथेही 'हे चूक' एवढाच शेरा कोणी चालवून घेत नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्यातले एक जण वयाने मोठे होते, सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामात. त्यांच्यानंतर वही माझ्याकडे यायची. एकदा त्यांनी पाचऐवजी आठ ओळी लिहिल्या. मी लाल पेन घेतलं आणि चौदा चुका काढल्या. प्रत्येकीचं कारण लिहिलं. अगदी नियमाप्रमाणे. स्वतःवर खूष होते.

पुढच्या फेरीत त्यांनी वही न लिहिता पुढे दिली. त्याच्या पुढच्या फेरीतही. तिसऱ्या आठवड्यात मी विचारलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मी वडिलांना हॉस्पिटलमध्ये ठेवल्याचं लिहिलं होतं. तू चुका मोजल्यास. बाबा कसे आहेत, हे विचारलं नाहीस."

मी घरी येऊन ते पान पुन्हा वाचलं. त्या आठ ओळी चुकांसकट समजत होत्या. रात्री दोनला रिक्षा मिळाली नाही, शेजाऱ्याने गाडी काढली, वडिलांनी वाटेत त्यांचा हात धरून ठेवला होता. मी त्यातलं काहीही वाचलं नव्हतं. मला वीस वर्षांपूर्वीची करंजी आठवली. आठवीत मी हसले होते. या वेळी हसले नव्हते, लाल पेन वापरलं होतं, एवढाच काय तो फरक.

मी त्यांच्या पानाखाली जपानीत दोन ओळी लिहिल्या. वडिलांची चौकशी केली आणि शेजाऱ्याबद्दल विचारलं. त्या दोन ओळींतही एक चूक होती. पुढच्या फेरीत त्यांनी तिच्याखाली रेघ मारली आणि उत्तर लिहिलं, बाबा घरी आले आहेत.

मग आम्ही वहीच्या पुठ्ठ्यावर नवे नियम लिहिले. पहिला, लिहिणाऱ्याने जे सांगितलं आहे त्याला आधी उत्तर द्यायचं, त्याच भाषेत. दुसरा, एका पानावर दोनच चुका दाखवायच्या, ज्यांनी अर्थ बिघडतो किंवा ज्या पुन्हापुन्हा होतात त्या. तिसरा, बरोबर रूप लिहून द्यायचं नाही, फक्त रेघ मारायची आणि कारणाची खूण द्यायची. दुरुस्ती ज्याची त्याने करायची. चौथा, लाल पेन बंद.

बारा चुका तशाच सोडायच्या म्हणजे त्या पक्क्या नाही का होणार, अशी मला भीती होती. काही राहिल्याही. पण माणूस लिहीत राहिला तर पुढच्या पानांत त्यांची पाळी येते. लिहिणंच थांबलं तर चौदाच्या चौदा दुरुस्त्या वाया. शिवाय दुसऱ्याच्या पानातल्या दोन महत्त्वाच्या चुका निवडायच्या तर व्याकरण नीट उलगडावं लागतं. माझं निम्मं जपानी मी स्वतः लिहिताना शिकले आणि निम्मं दुसऱ्यांचं वाचताना.

2013 मध्ये कामासाठी नागोयाला गेले. तिथे रोज संध्याकाळी 'निप्पो', म्हणजे दिवसाच्या कामाचा अहवाल लिहावा लागे. पाच ओळींची सवय होती, त्यामुळे हात थांबला नाही. शेजारच्या टेबलावरची सहकारी इंग्रजी शिकत होती. तिला आमच्या वहीबद्दल सांगितलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, ही तर आमची 'कोकान निक्की'! तिकडे शाळकरी मुली मैत्रिणींमध्ये अशी अदलाबदलीची डायरी लिहितात. आपल्या स्लॅमबुकची थोरली बहीणच म्हणा. मग आम्ही दोघींनी एक वही सुरू केली, मी जपानीत, ती इंग्रजीत. एकदा तिने लिहिलं, 'मीटिंगमध्ये आय अ‍ॅम बोअरिंग.' तिला म्हणायचं होतं कंटाळा आला, आणि लिहिलं गेलं मी कंटाळवाणी आहे. मी आधी लिहिलं, मलाही आला होता. मग त्या एका शब्दाखाली रेघ मारली.

मुलं म्हणतील, आता फोनमध्ये वाक्य टाकलं की क्षणात दुरुस्त होऊन मिळतं, वही कशाला? मीही ते वापरते, कामाच्या पत्रांसाठी जरूर वापरा. पण तिथे दुरुस्त वाक्य आयतं हातात येतं, आपण ते उचलतो आणि पुढे जातो. आपल्याला कुठे अडलं होतं तेच विसरतो. आणि दुसरं असं, की लाडवांचा डबा संपला का, हे विचारायला उद्या कोणी भेटत नाही. भाषा शिकायची ती कोणाला तरी काही सांगायला.

मुख्याध्यापक सरांशी मी बोलले आहे. नववीच्या वर्गासाठी दहा वह्या आणल्या आहेत. चार-चार, पाच-पाच जणांत एक. इंग्रजीत पाच ओळी, आपल्या दिवसाच्या. नियम पुठ्ठ्यावर चिकटवले आहेत. आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी महिन्यातून एकदा येऊन एक वही वाचावी आणि पेन उचलण्याआधी उत्तर लिहावं.

एका वहीचं पहिलं पान कोरं नाही. करंजीवाल्या मित्राची मुलगी याच नववीत आहे. आज सकाळी तो लवकर आला, वही मागून घेतली आणि बाकावर बसून इंग्रजीत पाच ओळी लिहिल्या. विषय तुम्ही ओळखला असेलच. त्यात दोन-तीन चुका आहेत. मी त्याखाली एवढंच विचारलं आहे, की सारणात खसखस घालतोस का.

उत्तराची वाट बघते आहे.